नाक्यावर न अडणारा माल

निजामाच्या अमलात बीड जिल्ह्याच्या पश्चिम सरहद्दीवर, जेथे मोगलाई संपून इंग्रजी मुलूख सुरू होई, तेथे करोडगिरीची नाकी असत. अहमदनगर जिल्ह्यातून, म्हणजे आताच्या अहिल्यानगराकडून, येणारी गाडी तेथे थांबे. पोती मोजली जात, गाठोडी सोडून पाहिली जात, आणि जकात भरल्यावाचून बैल पुढे हलत नसत. पलीकडे कलदार रुपया चाले, अलीकडे हाली सिक्का. पलीकडे सभा भरवून व्याख्यान देता येई. अलीकडे गश्ती क्रमांक ५३ या हुकुमान्वये परवानगीवाचून सभा भरविणे हा गुन्हा ठरे. छापील कागदालाही हा नाका चुकला नव्हता. आ. कृ. वाघमारे यांच्या ‘मराठवाडा’ साप्ताहिकावर निजाम सरकारने बंदी घातली, तेव्हा ते हद्दीबाहेरून निरनिराळी नावे धारण करून निघू लागले. एक नाव बंद पडले की दुसरे पुढे येई. माणूस, बैल, पैसा आणि कागद ज्या रेघेपाशी अडत, ती रेघ एक माल मात्र कोणाचीही परवानगी न मागता ओलांडीत होता. तो माल म्हणजे बिनतारी यंत्राचा आवाज.

आज बीडमधील एखाद्या घराच्या गच्चीवर लहानशी थाळी बसविली, तर शेजारच्या देशाच्या दूरचित्रवाणीचे चित्र एक पैसाही न भरता घरात उतरू शकते. ही गोष्ट ऐकणारास नवलाची वाटेल. परंतु परमुलखातून फुकट येणारा ध्वनी हा या भागातील लोकांच्या अनुभवाचा जुना विषय आहे. त्याचा इतिहास पाऊणशे वर्षांहून अधिक आहे. त्या इतिहासात एक प्रश्न पुनःपुन्हा उभा राहतो : घरचा आवाज सोडून मनुष्य शेजाऱ्याच्या आवाजाकडे कान का लावतो, आणि घरच्या राज्यकर्त्याने त्यावर काय करावे?

प्रथम या मालाची वाहतूक कशी होते ते थोडक्यात पाहणे अवश्य आहे. ध्वनिक्षेपणाच्या मध्यम लहरी दिवसा जमिनीला धरून चालतात व काही अंतरावर क्षीण होतात. वातावरणाच्या वरच्या भागात सूर्यप्रकाशामुळे विद्युत्भारित झालेले थर असतात. त्यांपैकी सर्वांत खालचा थर दिवसा या लहरी शोषून घेतो. सूर्य मावळला की तो थर विरतो, आणि त्याहून उंचावरचे थर लहरींना पुन्हा पृथ्वीकडे परतवितात. म्हणून दिवसा न लागणारे दूरचे स्टेशन रात्री स्पष्ट ऐकू येते. लघुलहरी तर या वरच्या थरावर आपटून, आढ्याला लागलेल्या चेंडूप्रमाणे, हजारो किलोमीटर पलीकडे उतरतात. डोंगर, नदी, नाका, शिपाई यांचा त्यांच्या मार्गाशी काही संबंध येत नाही. ज्याच्याजवळ ऐकण्याचे यंत्र आहे आणि ज्याला ती भाषा कळते, त्याच्यासाठी सरहद्द उरत नाही.

मुंबईचे ध्वनिक्षेपण केंद्र २३ जुलै १९२७ रोजी सुरू झाले. हैदराबादेस प्रथम खाजगी हौसेने चाललेले केंद्र निजाम सरकारने १९३५ साली आपल्या ताब्यात घेतले. तेच पुढे ‘दक्कन रेडिओ’ या नावाने प्रसिद्धीस आले. औरंगाबादेसही संस्थानचे एक केंद्र होते. १९४७ साली ज्या पाच संस्थानी केंद्रांची गणना होई, त्यांत म्हैसूर, बडोदे व त्रिवेंद्रम यांच्याबरोबर हैदराबाद व औरंगाबाद ही दोन्ही होती. म्हणजे बीडच्या श्रोत्यास घरचा असा एक आवाज होता. तो मुख्यत्वे उर्दूत बोलत होता आणि दरबाराची बाजू मांडीत होता. ऐकण्याचे संच त्या काळी थोडे, तेही सधनांच्या वाड्यांतून. जेथे वीज नाही तेथे ते बॅटरीवर चालत. परंतु एका संचाभोवती अनेक माणसे बसू शकतात, आणि ऐकलेली बातमी कागदाप्रमाणे झडतीत सापडत नाही.

११ जून १९४७ च्या फर्मानाने मीर उस्मान अली खान यांनी हिंदी संघराज्यात किंवा पाकिस्तानात सामील न होण्याचा आपला निश्चय जाहीर केला. ७ ऑगस्टला स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नेतृत्वाखाली स्टेट काँग्रेसने संघराज्यात सामील होण्याच्या मागणीचा दिवस पाळला. पुढे आठच दिवसांनी देश स्वतंत्र झाला. आणि त्या घडीपासून सतरा सप्टेंबर १९४८ पर्यंत, तेरा महिने, बीड जिल्ह्याच्या पश्चिमेस असलेला अहमदनगर जिल्हा हा निजामाच्या दाव्याप्रमाणे परका देश झाला. नात्यागोत्याची, भाषेची, बाजाराची माणसे ज्या बाजूस होती, ती बाजू कागदोपत्री ‘शेजारचे राष्ट्र’ ठरली.

या तेरा महिन्यांत आकाशमार्गे येणाऱ्या आवाजाचे मोल काय असेल, याची कल्पना करणे कठीण नाही. १४ ऑगस्टच्या मध्यरात्री दिल्लीहून पंडित नेहरूंचे भाषण ध्वनिक्षेपित झाले, ते बीडच्या हद्दीतही उतरले. ज्या गावांत तिरंगा उघडपणे उभारणे म्हणजे तुरुंगास आमंत्रण होते, त्याच गावांवरून स्वातंत्र्याची घोषणा वाहत गेली. जे ऐकता येत होते ते म्हणता येत नव्हते, अशी ती स्थिती होती. २९ नोव्हेंबर १९४७ रोजी ‘जैसे थे’ करार झाला, तरी रझाकारांचा उपद्रव वाढतच गेला. सरहद्दीपलीकडे स्टेट काँग्रेसच्या कार्यकर्त्यांनी छावण्या उघडल्या. अशा वेळी एकाच घटनेची दोन वृत्ते एकाच यंत्रातून येत : काटा एका खुणेवर ठेवला की दरबारी वृत्त, किंचित फिरविला की मुंबईचे वा दिल्लीचे. खरे-खोटे पारखण्याचे शिक्षण ज्याला कोणी दिले नव्हते, त्या श्रोत्यास ते या दोन खुणांमधील अंतराने दिले.

१३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय सैन्य हैदराबाद संस्थानात शिरले आणि पाचव्या दिवशी कारवाई संपली. १७ तारखेस सायंकाळी स्वतः निजामाने रेडिओवरून शस्त्रे खाली ठेवल्याचे जाहीर केले. हे लक्षात ठेवण्याजोगे आहे. आजवर फर्मानाच्या भाषेत बोलणाऱ्या सत्ताधीशाला आपल्या राज्याचा शेवट सांगण्यासाठी ध्वनिक्षेपकापुढे उभे राहावे लागले, आणि बीड, परभणी, नांदेडच्या श्रोत्यांना घरच्या आवाजाने प्रथमच तेच सांगितले जे शेजारचा आवाज वर्षभर सांगत होता. १ एप्रिल १९५० रोजी हैदराबाद व औरंगाबाद ही दोन्ही केंद्रे अखिल भारतीय ध्वनिक्षेपण संस्थेने ताब्यात घेतली. ध्वनीच्या दृष्टीने सरहद्द मिटली.

ती मिटली असे वाटते न वाटते तोच, पुरती दोन-अडीच वर्षेही गेली नाहीत तोच, श्रोत्यांचा कान पुन्हा परमुलखाकडे वळला. या वेळी कारण राजकीय नव्हते. ते गाण्याचे होते.

१९५२ साली बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे माहिती व नभोवाणी खात्याचे मंत्री झाले. केसकर मूळचे पुण्याचे, विद्वान, आणि अभिजात संगीताचे कळकळीचे पुरस्कर्ते. त्यांच्या धोरणाची पुढे पुष्कळ टिंगल झाली. परंतु त्यामागील विचार समजून घेतल्याशिवाय टिंगल करणे न्यायाचे नव्हे. संस्थाने विलीन झाली तेव्हा केवळ राजे गेले नाहीत. राजांच्या आश्रयावर जगणारे गवई आणि वादकही निराधार झाले. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी अल्लादिया खाँसाहेबांना आश्रय दिला नसता, तर महाराष्ट्राच्या संगीताचा इतिहास वेगळा झाला असता. तो आश्रय आता कोणी द्यावा? केसकरांचे उत्तर असे की नभोवाणीने द्यावा. २० जुलै १९५२ पासून संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. १९५४ पासून रेडिओ संगीत संमेलने भरू लागली. शेकडो कलावंतांच्या घरची चूल त्यामुळे पेटली, आणि ज्यांनी दरबारी बैठक जन्मात पाहिली नसती अशा घरांत ख्याल आणि ध्रुपद पोचले.

परंतु त्याच हाताने दुसरे दार बंद झाले. सिनेमाचे संगीत केसकरांना हलके, उसने आणि अभिरुची बिघडविणारे वाटे. त्याची वेळ कमी करण्यात आली. शिवाय चित्रपटाचे नाव सांगणे म्हणजे फुकट जाहिरात, म्हणून ते सांगणेही बंद झाले. निर्माते रागावले आणि त्यांनी आपल्या गाण्यांच्या ध्वनिक्षेपणाची संमती काढून घेतली. परिणामी काही महिन्यांतच नभोवाणीवरून सिनेमाचे गाणे जवळजवळ नाहीसे झाले. मंत्र्यांची अपेक्षा अशी असावी की भूक लागलेला मनुष्य समोर वाढलेले पक्वान्न खाईल. मनुष्य शेजारच्या घरी जेवायला जाईल, हे त्यांच्या हिशोबात नसावे.

ते शेजारचे घर म्हणजे सिंहलद्वीप, तेव्हाचे सिलोन. दुसऱ्या महायुद्धात दोस्त राष्ट्रांच्या आग्नेय आशिया सेनाविभागाने सैनिकांसाठी कोलंबोजवळ लघुलहरींचे अतिशय बलवान क्षेपणयंत्र उभारले होते. युद्ध संपले, सैनिक गेले; १९४९ साली हे यंत्र सिलोनच्या सरकारला मिळाले. लहानशा बेटाला न शोभेल एवढा मोठा आवाज हाती आला. त्या आवाजाचा व्यापारी उपयोग करावा हे तेथील चालकांनी ओळखले आणि ३० सप्टेंबर १९५० रोजी व्यापारी विभाग सुरू केला. जाहिरातदाराने पैसे द्यावे, श्रोत्याने फुकट ऐकावे, आणि श्रोता सिलोनमध्येच असला पाहिजे असे नाही, हे त्या योजनेचे सूत्र.

३ डिसेंबर १९५२, बुधवार. त्या रात्री ‘बिनाका गीतमाला’ प्रथम ऐकू आली. दात घासण्याच्या मलमाच्या जाहिरातीसाठी निघालेला हा कार्यक्रम अमीन सयानी सादर करीत. पहिल्याच कार्यक्रमाला नऊ हजार पत्रे आली, असे सयानी पुढे सांगत असत. यातील खरे नवल निराळेच आहे. कार्यक्रम सिलोनमध्ये तयारच होत नसे. तो मुंबईत ध्वनिमुद्रित होई, फीत विमानाने कोलंबोला जाई, आणि तेथून आकाशमार्गे हिंदुस्थानात परत येई. मुंबई ते बीड हे अंतर सरळ रेषेत सुमारे ३०० किलोमीटर. मुंबईत गायिलेले गाणे मुंबईहून कोलंबो व कोलंबोहून बीड असा सुमारे ३००० किलोमीटरांचा वळसा घेऊन बीडच्या श्रोत्यापर्यंत पोचे. सरळ रस्ता घरच्या माणसांनी बंद केला म्हणून गाणे समुद्रावरून फिरून आले.

हे ऐकणे ‘फुकट’ होते असे म्हणताना एक गोष्ट विसरता कामा नये. त्या काळी संच बाळगणाऱ्यास दरवर्षी टपाल कचेरीत परवाना-शुल्क भरावे लागे. म्हणजे श्रोता पैसे भारतीय नभोवाणीच्या नावाने भरी आणि ऐके सिलोन. जाहिरातीचा पैसा भारतीय कारखानदारांकडून निघून परदेशी केंद्राच्या खिशात जाई. नुकसान दुहेरी होते, आणि त्याचे कारण शेजाऱ्याची चतुराई नव्हती, घरची उपेक्षा होती.

अशा प्रसंगी सरकारपुढे दोन मार्ग असतात. एक मार्ग सोव्हिएत रशियाने अनेक वर्षे चोखाळला : परक्या केंद्राच्या लहरीवर आपल्या यंत्रांनी गोंगाट करून तो आवाज बुडवायचा. तो उद्योग १९८८ पर्यंत चालला. त्यावर अमाप वीज व पैसा खर्च झाला, आणि ऐकणारे ऐकतच राहिले. दुसरा मार्ग अधिक अवघड, कारण त्यात स्वतःची चूक मान्य करावी लागते : लोकांना हवे ते आपणच द्यायचे. भारताने दुसरा मार्ग स्वीकारला, हे त्याला भूषणावह आहे. ३ ऑक्टोबर १९५७ रोजी ‘विविध भारती’ सुरू झाली. केसकर तेव्हाही मंत्री होते. ज्या मंत्र्याच्या धोरणाने सिनेमाचे गाणे गेले, त्याच्याच कारकिर्दीत ते परत आले. १ नोव्हेंबर १९६७ पासून मुंबई, पुणे व नागपूर येथून विविध भारतीवर जाहिराती सुरू झाल्या, आणि सिलोनला जाणारा पैसा घरी राहू लागला. ‘गीतमाला’ मात्र १९८९ पर्यंत सिलोनवरच राहिली. त्या साली ती विविध भारतीवर आली. रुसून गेलेले माणूस घरी परतायला किती काळ लागतो, हे यावरून दिसते.

ध्वनीनंतर चित्राचा काळ आला. चित्र वाहून नेणाऱ्या लहरी अतिशय आखूड. त्या वरच्या थरांवरून परतत नाहीत, दिव्याच्या प्रकाशाप्रमाणे सरळ जातात, आणि डोंगराआड किंवा क्षितिजाआड गेलेल्या गावी पोचत नाहीत. २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबईचे दूरदर्शन सुरू झाले, ते सह्याद्रीपलीकडे नेण्यासाठी पुढील वर्षी सिंहगडावर यंत्र बसवावे लागले. या सरळपणामुळे शेजारच्या देशाचे चित्र फक्त सीमेलगतच्या गावांना दिसे. लाहोरचे केंद्र १९६४ साली सुरू झाले. तेथून सुमारे ५० किलोमीटरांवरील अमृतसरच्या घरांत त्याचे कार्यक्रम दिसत. १९७३ साली अमृतसरला दूरदर्शन केंद्र निघाले, त्यामागे ही लाहोरची सोबत हे एक मोठे कारण होते. बालाघाटाच्या पठारावरील बीडला मात्र परदेशच काय, मुंबईही दूर होती. पुढे अंबाजोगाईला दूरदर्शनचे उच्चशक्ती प्रक्षेपण केंद्र उभे राहिले, तेव्हा जिल्ह्यातील छपरांवर सळ्यांचे सांगाडे दिसू लागले.

क्षितिजाचा हा अडसर दूर करण्याची युक्ती पूर्वीच सुचविली गेली होती. ऑक्टोबर १९४५ मध्ये आर्थर क्लार्क या तरुण इंग्रज लेखकाने एका बिनतारी-विषयक मासिकात असे मांडले की विषुववृत्तावर सुमारे ३६००० किलोमीटर उंचीवर उपग्रह ठेवला, तर तो पृथ्वीबरोबरच फिरेल आणि खालून पाहणारास एका जागी स्थिर भासेल. असे तीन उपग्रह जवळजवळ साऱ्या पृथ्वीला पुरतील. मनोरा ३६००० किलोमीटर उंच झाला तर क्षितिज कोठे आड येणार! भारताने १ ऑगस्ट १९७५ पासून एक वर्ष अमेरिकेकडून वापरास मिळालेल्या उपग्रहाच्या साह्याने सहा राज्यांतील २४०० खेड्यांत शैक्षणिक चित्रे दाखविली. महाराष्ट्र त्यांत नव्हता. परंतु निजामी राज्यात बीडचे सोबती असलेले गुलबर्गा व रायचूर हे जिल्हे होते. त्या प्रयोगाच्या वेळी भारतीय शास्त्रज्ञांनी एक मोठी थाळी कोलंबोतील एका घरावर बसवून दिली. घर खुद्द आर्थर क्लार्क यांचे. ते १९५६ पासून सिंहलद्वीपात स्थायिक झाले होते. त्या देशात दूरचित्रवाणी १९७९ साली आली. तत्पूर्वीच भारताची चित्रे तेथील एका घरात उतरत होती. ज्या कोलंबोतून वीस वर्षे गाणी भारतात येत होती, त्या कोलंबोत आता भारताचे चित्र जाऊ लागले. माल तोच, वाट उलटी.

१९९१ साली हाँगकाँगहून उपग्रहाद्वारे येणाऱ्या वाहिन्यांनी भारताचे आकाश खुले केले, आणि दूरदर्शनची मक्तेदारी संपली. ९ फेब्रुवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. ती कोणा सरकारची वा कोणा धनिकाची खाजगी मिरास नव्हे. १६ डिसेंबर २००४ रोजी पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते दूरदर्शनची थेट घरपोच सेवा सुरू झाली. तीच आता ‘डीडी फ्री डिश’ या नावाने ओळखली जाते. थाळी व पेटी एकदा विकत घ्यावी. त्यानंतर मासिक वर्गणी नाही. जिच्या उपग्रहाकडे या थाळ्या तोंड करून असतात तो विषुववृत्तावर ९३.५ अंश पूर्व रेखांशावर आहे. बीडहून पाहता त्याची दिशा बरोबर आग्नेय येते आणि उंची क्षितिजापासून सुमारे ६० अंश. जिल्ह्याच्या कोणत्याही वस्तीवर आग्नेयेकडे मान वर करून बसलेली थाळी दिसली, तर ती बहुधा याच उपग्रहाची वाट पाहत असते.

या सेवेत २ सप्टेंबर २०१९ रोजी एका नव्या पाहुण्याचा प्रवेश झाला. भारत व बांगलादेश यांच्या सरकारी प्रसारण संस्थांतील कराराप्रमाणे ढाक्याची राष्ट्रीय वाहिनी ‘बीटीव्ही वर्ल्ड’ भारतीय थाळ्यांवर दिसू लागली. १९४८ साली ज्या बीडला नगरचा आवाज परदेशी ठरविण्यात आला होता, त्या बीडच्या खेड्यात ढाक्याचे चित्र उंबऱ्याच्या आत आले, आणि कोणाची झडती झाली नाही. बीड शहरात रेल्वे १७ सप्टेंबर २०२५ रोजी, मुक्तिदिनी, अहिल्यानगराकडून आली. लोखंडी रुळांना जे साधायला इतकी वर्षे लागली, ते लहरींनी केव्हाच साधले होते.

तथापि या नव्या काळात एक मोठा फरक पडला आहे. जुन्या रेडिओचा आवाज दूर गेला की क्षीण होई, खरखर वाढे, कधी विरे, कधी परत येई. तरी कान टवकारून तो ऐकता येई. अंकीय पद्धतीत ध्वनी व चित्र यांचे शून्य आणि एक या दोन अंकांत रूपांतर केलेले असते. पुरेशी शक्ती मिळाली तर चित्र स्वच्छ. त्याहून थोडी कमी पडली तर चित्रच नाही. अर्धवट असे काही उरत नाही. दुसरे असे की अंकांना कुलूप घालता येते. किल्ली ज्याच्या पेटीत असेल त्यालाच चित्र दिसेल. इतरांच्या थाळीवर तेच तरंग पडूनही पडदा काळाच राहील. सिलोनच्या गाण्याला कुलूप नव्हते, कारण लघुलहरीच्या साध्या ध्वनिक्षेपणात ते घालण्याची सोय नव्हती; तेथील मोकळेपणा हा निसर्गाचा होता. आताचा मोकळेपणा हा माणसाच्या निर्णयाचा आहे. करोडगिरीचा नाका सरहद्दीवरून उठला आणि घरातल्या पेटीत येऊन बसला, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

म्हणून ‘फुकट’ या शब्दाची पारख आज अधिक हवी. प्रत्येक फुकट मालाचा दाम कोणीतरी भरलेला असतो. दक्कन रेडिओचा दाम दरबार भरी, म्हणून त्यावर दरबाराचे गुणगान असे. सिलोनचा दाम जाहिरातदार भरी. फ्री डिशवर खाजगी वाहिन्या लिलावात बोली लावून जागा घेतात. १ मार्च २०१९ रोजी त्यांपैकी काही मोठ्या मनोरंजन वाहिन्या एकाएकी निघून गेल्या आणि पुढील वर्षी परतल्या. प्रेक्षकाने काही दिले नव्हते, म्हणून त्याला विचारण्याचे कारण कोणास पडले नाही. शेजारच्या सरकारांनाही हा फुकट माल नेहमीच गोड वाटतो असे नाही. पाकिस्तानात ऑक्टोबर २०१६ मध्ये भारतीय कार्यक्रमांवर पूर्ण बंदी आली आणि भारतीय थाळी-संचांच्या विक्रीविरुद्ध मोहीम निघाली. संच खपतच नसते, तर मोहीम काढण्याची गरज पडली नसती.

या साऱ्या हकिगतीतून निष्पन्न काय होते? परमुलखाचा आवाज केवळ पोचतो म्हणून कोणी तो ऐकत नाही. ढाक्याचे चित्र बीडला पोचते, पण बंगाली न जाणणाऱ्या घरात त्यावर नजर किती वेळ ठरणार? १९४८ साली मुंबई-दिल्लीचा आवाज ऐकला गेला, कारण घरचा आवाज खरे सांगत नव्हता. १९५२ साली सिलोन ऐकले गेले, कारण घरचा आवाज हवे ते देत नव्हता. दोन्ही वेळा श्रोता घर सोडून गेला नाही; घराने त्याच्या कानाची उपेक्षा केली. पहिल्या वेळी घरच्या सत्तेने ते ओळखले नाही, आणि तिचा शेवट तिच्याच रेडिओवरून जाहीर झाला. दुसऱ्या वेळी घरच्या सत्तेने पाच वर्षांत ते ओळखले, आणि श्रोते हळूहळू परत आले.

आज मराठी घरांपुढे असंख्य आवाज आहेत, आणि त्यांतील बहुतेक फुकट आहेत. मराठी भाषेत, मराठवाड्याच्या पावसाविषयी, कापसाच्या भावाविषयी, ऊसतोडणीसाठी दरसाल घर सोडून जाणाऱ्या कुटुंबांविषयी खरे आणि वेळेवर सांगणारा आवाज त्यांत किती आहे, हा प्रश्न सह्याद्री वाहिनीच्या आणि आकाशवाणीच्या चालकांनी स्वतःला नित्य विचारावा असा आहे. शेजाऱ्याच्या घरातून ऐकू येणाऱ्या गाण्याने कोणाचे घर मोडत नाही. आपल्या घरी कोणी बोलेनासे झाले म्हणजे मात्र ते गाणे फार जवळचे वाटू लागते.